पिंड आणि पुनर्जन्म

मराठी हिंदू घरात माणूस गेला की पहिल्या तेरा दिवसांत मृत्यूविषयीचे दोन निराळे सिद्धान्त एकाच छपराखाली वावरू लागतात. संध्याकाळी समईपाशी गीता वाचली जाते. तिच्या दुसऱ्या अध्यायाप्रमाणे देही जुने शरीर टाकतो आणि दुसरे धारण करतो, म्हणून शोकाचे कारण उरत नाही. दहाव्या दिवशी तीच मंडळी नदीकाठी भाताचे पिंड मांडून कावळ्याची वाट पाहतात. कावळा लवकर शिवला नाही तर मृताची काही इच्छा राहिली असे समजून ती पुरवण्याचा शब्द दिला जातो. पहिल्या सिद्धान्तात गेलेला माणूस कर्माप्रमाणे पुढच्या जन्माच्या वाटेला लागला आहे. दुसऱ्यात तो अजून जवळपास आहे, त्याला भूक आहे, आणि त्याची गती मागे राहिलेल्यांच्या हातात आहे.

ही विसंगती जवळजवळ तीन हजार वर्षांची आहे. जगण्याचे प्रयोजन काय, याची भारतीय उत्तरेही तिच्यातूनच फुटलेली दिसतात. मेलेला पितर होत असेल तर जगण्याचा अर्थ कुळ, संतती आणि ऋणफेड यांत शोधावा लागतो. तो पुन्हा जन्मत असेल तर जन्मांच्या साखळीतून सुटणे हेच ध्येय ठरते. आणि काहीच उरत नसेल, तर जे करायचे ते इथेच करायला हवे.

ऋग्वेदात पुनर्जन्माची स्पष्ट कल्पना सापडत नाही. दहाव्या मंडलात अंत्यविधीची सूक्ते एकापाठोपाठ एक येतात. त्यांत यम हा दंड देणारा न्यायाधीश नाही. मरणाची वाट प्रथम शोधून काढणारा तो पहिला मर्त्य आहे आणि त्याच्यामागून जाणाऱ्या सर्वांचा तो राजा झाला आहे. वाटेवर त्याचे चार डोळ्यांचे दोन कुत्रे पहारा करतात. मृताचा डोळा सूर्याकडे जावा, प्राण वाऱ्यात मिसळावा, आणि अग्नीने त्याला पितरांपर्यंत नीट पोहोचवावे, अशा या प्रार्थना आहेत. मागे राहिलेल्यांना मागायचे आहे ते शंभर शरदांचे आयुष्य, वीर पुत्र आणि गायीगुरे. जगणे चांगले आहे आणि ते पुरेसे मिळावे, याहून वेगळ्या प्रयोजनाची गरज या कवींना भासलेली दिसत नाही. तैत्तिरीय संहितेने पुढे या जीवनदृष्टीला हिशेबाचे रूप दिले. ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो: ऋषींचे अध्ययनाने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संततीने फेडायचे. पुढच्या परंपरेने हीच कल्पना सर्व द्विजांना लावली. जगण्याचे प्रयोजन म्हणजे देणे फेडणे, ही भारतातील सर्वांत जुनी आणि आजही घराघरांत जिवंत असलेली समजूत आहे.

पण या व्यवस्थेत एक फट होती. यज्ञाने मिळवलेला स्वर्ग किती काळ टिकतो? ब्राह्मणग्रंथांत ‘पुनर्मृत्यू’ ही भीती दिसू लागते. इथे मेलेला तिथेही पुन्हा मरू शकतो, साठवलेले पुण्य सरू शकते. शतपथ ब्राह्मणात वरुणाचा गर्विष्ठ मुलगा भृगू परलोक पाहायला जातो, तेव्हा तिथे माणसे माणसांना तोडत असलेली त्याला दिसतात. ज्यांना इथे तोडले, खाल्ले, ते तिथे परतफेड करत आहेत. कर्म कर्त्याकडे परत येते ही कल्पना इथे कथेच्या रूपात आहे, तिचा सिद्धान्त अजून झालेला नाही. पुनर्मृत्यूला एकच जोड द्यायची राहिली होती: तिथे पुन्हा मरणारा जातो कुठे?

हे उत्तर उपनिषदांनी दिले. छांदोग्यात पांचालांचा राजा प्रवाहण जैवली तरुण श्वेतकेतूला पाच प्रश्न विचारतो. त्यांतला एक लहान मुलाने विचारावा इतका साधा आहे: इतकी माणसे मरून जातात, तरी तो लोक भरून का जात नाही? श्वेतकेतूला एकाही प्रश्नाचे उत्तर येत नाही. मग त्याचे वडील गौतम राजाकडे शिकायला जातात आणि राजा सांगतो की ही विद्या आजवर ब्राह्मणांकडे गेलेली नव्हती. त्याच्या उत्तरात दोन वाटा आहेत. अरण्यात श्रद्धा आणि तप यांची उपासना करणारे प्रकाशाच्या वाटेने, देवयानाने जातात आणि परत येत नाहीत. गावात राहून यज्ञ, दान आणि लोकोपयोगी कामे करणारे धुराच्या वाटेने, पितृयानाने चंद्रापर्यंत जातात. पुण्य संपले की ते आकाश, वारा, धूर, धुके आणि ढग या क्रमाने पावसातून खाली उतरतात, भात-जव, तीळ-उडीद होऊन उगवतात आणि अन्नावाटे पुन्हा गर्भात येतात. याशिवाय क्षुद्र जीवांची तिसरी गती आहे, ‘जन्म आणि मर’ एवढीच. म्हणून तो लोक भरत नाही. पितृलोक इथे नाकारलेला नाही. त्याला वाटेवरचा मुक्काम करून टाकले आहे. जुन्या श्रद्धेला नव्या विचारात जागा देण्याची ही युक्ती पुढे अनेकदा वापरली गेली.

याच प्रकरणात आणखी एक वाक्य आहे आणि त्याचा परिणाम फार दूरवर झाला. चांगल्या आचरणाचे ब्राह्मण, क्षत्रिय किंवा वैश्य योनीत येतात. वाईट आचरणाचे कुत्र्याच्या, डुकराच्या किंवा चांडाळाच्या योनीत जातात. मरणोत्तर गतीचा सिद्धान्त आणि समाजातली उतरंड यांची गाठ इथे बांधली गेली.

बृहदारण्यकात याज्ञवल्क्य निराळ्या बाजूने येतो. आर्तभाग त्याला विचारतो की मृताची वाणी अग्नीत, प्राण वाऱ्यात, डोळा सूर्यात गेला, तर माणूस कुठे उरतो? प्रश्नातली भाषा ऋग्वेदाच्या अंत्यसूक्ताचीच आहे. याज्ञवल्क्य त्याचा हात धरून त्याला बाजूला नेतो, कारण ही गोष्ट चारचौघांत बोलण्याची नाही. दोघे जे बोलले ते कर्माविषयी होते. गवताच्या पात्याच्या टोकाशी गेलेली अळी दुसऱ्या पात्याला धरून स्वतःला तिकडे ओढून घेते तसा आत्मा देहांतर करतो, हा दृष्टान्तही याज्ञवल्क्याचाच. कठोपनिषदात नचिकेता थेट यमाच्या दारात बसून विचारतो की मेलेला असतो की नसतो. यम त्याला दीर्घायुष्य, हत्ती-घोडे, राज्य देऊ करतो आणि हा प्रश्न सोड म्हणतो. नचिकेता सोडत नाही. मग मिळणाऱ्या उत्तरात परलोकाचा नकाशा नाही. श्रेय आणि प्रेय यांतला भेद आहे, आणि जो जन्मतच नाही त्याला मरण कसे असेल, हे आहे. मरणानंतरच्या प्रश्नाने जगण्याचा प्रश्न उलगडायला सुरुवात झाली ती इथून, आणि उपनिषदांचे मोठेपण या वळणातच आहे.

श्रमण परंपरांनी पितरांशी तडजोड केली नाही, निदान तत्त्वात तरी. जैन मताप्रमाणे कर्म हे सूक्ष्म द्रव्य आहे आणि ते जीवाला चिकटते. देव, मनुष्य, तिर्यंच आणि नारकी या चार गतींत जीव फिरतो. कर्म पूर्ण झडले की तो हलका होऊन लोकाच्या माथ्यावरील सिद्धशिलेवर पोहोचतो. एका देहातून निघालेला जीव अवघ्या काही ‘समयां’त, म्हणजे काळाच्या अत्यंत सूक्ष्म अंशांत, दुसऱ्या ठिकाणी जन्मतो. मध्ये रेंगाळायला अवकाशच नसल्याने पिंड कुणाला द्यायचा हा प्रश्न उरत नाही, आणि जैन आचार्यांनी श्राद्धावर टीका केली ती याच तर्काने. मरणाची तयारी मात्र जगतानाच करायची असते. आहार क्रमाने सोडत शांतपणे देह ठेवण्याचे सल्लेखना हे व्रत त्यासाठीच आहे. आचार्य शांतिसागर यांनी 1955 साली मराठवाड्यातील कुंथलगिरी येथे ते पूर्ण केले. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2015 मध्ये या व्रताला आत्महत्या ठरवले, तेव्हा त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

बुद्धाने प्रश्नाचे स्वरूपच बदलले. नित्य आत्मा नाही आणि तरी कर्माची साखळी चालू राहते, ही त्याची भूमिका समजायला कठीण आहे. मिलिंदप्रश्नात ग्रीक राजा मिनँडरला नागसेन ती दिव्याच्या दृष्टान्ताने समजावतो: रात्रीच्या पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच नव्हे, वेगळीही नव्हे. मुक्त पुरुष मरणानंतर असतो की नसतो, हा प्रश्न बुद्धाने अनुत्तरित ठेवला. मालुंक्यपुत्त यासाठी हटून बसला. त्याला मिळालेले उत्तर प्रसिद्ध आहे: विषारी बाण लागलेला माणूस बाण कुणी मारला, त्याची जात कोणती, धनुष्य कशाचे, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही म्हणाला, तर तो त्याआधीच मरेल. दुःख समोर आहे, ते दूर करणे हे काम आहे. असे असूनही पाली वाङ्मयात भुकेल्या प्रेतांच्या कथा आहेत आणि त्यांच्या नावाने दान करून पुण्य अर्पण करण्याची रीतही आहे. गेलेल्यासाठी काहीतरी करावे ही ओढ कोणत्याही तत्त्वज्ञानाच्या चौकटीत पुरती मावलेली नाही.

लोकायतांनी चौकटच मोडली. पृथ्वी, आप, तेज, वायू यांच्या मिश्रणातून, आंबवलेल्या पदार्थात मद उत्पन्न व्हावा तसे, चैतन्य येते आणि देहाबरोबर जाते. श्राद्धावरचा त्यांचा आक्षेप रोखठोक आहे: इथे वाढलेले अन्न परलोकी पोहोचत असेल तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला द्यायची? त्यांचे म्हणणे बरेचसे विरोधकांच्या ग्रंथांतूनच कळते, हे त्यांचे दुर्दैव. दीघनिकायातल्या पायासी सुत्तात त्यांच्या जवळचा एक सत्ताधीश भेटतो. परलोक नाही असे मानणारा पायासी प्रयोग करतो. मरणाऱ्या पापी नातलगांना तो सांगतो, नरकात गेलात तर परत येऊन कळवा. कुणी येत नाही. जिवंत चोराला रांजणात बंद करून जीव बाहेर पडताना दिसतो का ते पाहतो. मरणापूर्वी आणि नंतर देहाचे वजन करतो. कुमार कस्सप त्याला उपमांनी गप्प करतो, की तुरुंगातल्या चोराला निरोप सांगायला घरी सोडत नाहीत. पण आजच्या वाचकाला उपमांपेक्षा पायासीची पडताळणीची इच्छा अधिक लक्षात राहते. मराठीत सदाशिव आठवले आणि आ. ह. साळुंखे यांनी या परंपरेचा नव्याने विचार केला आहे.

धर्मशास्त्राने कुणालाच नाकारले नाही, सगळ्यांना क्रमाने बसवले. पुरुषार्थ आधी तीनच होते, मोक्ष चौथा म्हणून जोडला गेला. आणि तीन ऋणे फेडल्यावरच मोक्षाकडे मन लावावे असे मनुस्मृतीने बजावले. मृत्यूनंतरचा क्रमही असाच बांधला गेला. पहिल्या दहा दिवसांच्या पिंडांनी प्रेताचा सूक्ष्म देह एकेका अवयवाने घडतो. बाराव्या दिवशीच्या सपिंडीकरणात प्रेताचा पिंड बाप, आजा आणि पणजा यांच्या पिंडांत मिसळला की तो पितर होतो आणि सर्वांत जुनी पिढी पिंडाच्या हक्कातून बाहेर सरकते. गरुडपुराणाने यात वैतरणी, यमदूत आणि वर्षभराचा खडतर प्रवास घातला. माणूस दूर देशी वारला आणि देह किंवा अस्थीही मिळाल्या नाहीत, तर पळसाच्या 360 देठांचा पुतळा करून संस्कार करण्याचीही तजवीज आहे. कावळा नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात.

या दोन सिद्धान्तांची सांगड कशी घालायची, हे प्राचीनांनाही टोचत होतेच. मत्स्यपुराणाचे उत्तर असे की पितर देव झाला असेल तर श्राद्धाचे अन्न त्याला अमृत होऊन मिळते, पशू झाला असेल तर गवत होऊन. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात श्राद्धाचा सविस्तर विचार केला. कर्म आणि पुनर्जन्म मानणाऱ्याला पिंडांनी तीन पूर्वज तृप्त होतात हे मानणे अवघड जाते, असे त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. हयात धर्मशास्त्रात घालवलेल्या विद्वानाची ही कबुली मोलाची आहे.

महाराष्ट्रातील भक्तिपंथांनी या प्रश्नाला तिसरेच वळण दिले. चक्रधरांच्या महानुभाव मतात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार नित्य पदार्थ आहेत. देवतांच्या उपासनेने मिळणारा स्वर्ग सरणारा आहे, मोक्ष परमेश्वरच देतो. वारकऱ्यांनी तर मोक्षाचीच किंमत उतरवली. ज्ञानदेवांनी 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली आणि 1296 साली आळंदीला समाधी घेतली. अमृतानुभवात त्यांनी अद्वैतातही भक्तीला जागा ठेवली, म्हणजे सुटून गेल्यानंतरही प्रेम संपत नाही. तुकोबांचे मागणे याहून धीट आहे: मुक्ती आणि संपत्ती नको, संतांचा सहवास मिळणार असेल तर खुशाल पुन्हा गर्भवासी घाल. जन्ममरणाच्या फेऱ्याला बंधन म्हणत आलेल्या विचाराला हे उत्तर पूर्ण नवे होते. पुनर्जन्म खरा की खोटा हा वाद त्यांनी घातला नाही. त्याची भीती तेवढी काढून टाकली. एकनाथांविषयीची आख्यायिका पितरांच्या बाजूने हेच सांगते. श्राद्धाच्या दिवशी अन्नाचा वास घेत थांबलेल्या अस्पृश्य कुटुंबांना नाथांनी पान वाढले, निमंत्रित ब्राह्मण रागावून गेले, तेव्हा पितर स्वतः येऊन जेवले. भुकेल्याला मिळालेला घास पितरांना पोहोचतो, हा तिचा अर्थ पैठणच्या शेजारपाजारच्या माणसालाही कळणारा होता. रामदासांनी दासबोधात नरदेहाचे स्तवन आणि मृत्यूचे निरूपण दोन्ही केले. देह नाशवंत आहे, म्हणूनच तो कामी लावायचा.

पण छांदोग्यातली गाठ संतांच्या काळातही सुटली नव्हती. चोखोबांच्या काही अभंगांत हीन याती हे पूर्वकर्माचे फळ मानलेले दिसते, तर काहींत विटाळाच्या कल्पनेलाच सवाल केलेला आहे. एकाच माणसाच्या मनात ओढवलेले हे द्वंद्व कोणत्याही शास्त्रचर्चेपेक्षा अधिक बोलके आहे. एकोणिसाव्या शतकात जोतीराव फुल्यांनी 1873 साली सत्यशोधक समाज स्थापून पुरोहिताच्या मध्यस्थीशिवाय विधी करण्याचा मार्ग घालून दिला. परलोकाच्या नावाने गरिबाकडून दान उकळले जाते, हे त्यांना दिसत होते. गाडगेबाबा पुढे कीर्तनातून कर्ज काढून दिवसकार्याची जेवणे घालू नका असे विनवत राहिले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रश्न मुळाशी नेला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी विचारले की आत्मा नसेल तर कर्म आणि पुनर्जन्म कसे असतील. ग्रंथात त्यांनी आत्म्याचे संक्रमण नाकारले. देहातली भूते विखुरतात आणि पुन्हा एकत्र येतात, एवढाच पुनर्जन्म त्यांनी मान्य केला. गतजन्मीच्या कर्माने आजचे दैन्य ठरते, या मताचा उपयोग समाजाला आणि राज्याला गरिबांविषयीच्या जबाबदारीतून सोडवण्यापुरताच आहे, असे त्यांनी लिहिले. मरणोत्तर गतीविषयीचे मत हे नैतिक कृत्य असते आणि त्याचा भार कुणावर तरी पडतो, ही जाणीव या चर्चेत इतक्या स्पष्टपणे आणणारे दुसरे लेखन दाखवणे कठीण आहे.

प्रयोजनाच्या बाजूने याच काळात दुसरा मोठा वाद झाला. शंकराचार्यांच्या मते ज्ञान झाल्यावर कर्म उरत नाही. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली छापलेल्या गीतारहस्यात याच्या उलट मांडले: ज्ञान्यानेही लोकसंग्रहासाठी कर्म करत राहावे, हेच गीतेचे तात्पर्य. विनोबांची 1932 सालची धुळ्याच्या तुरुंगातील गीताप्रवचने साने गुरुजींनी उतरवून घेतली. त्यांतला भर अधिक अंतर्मुख आहे, तरी कर्म सोडायचे नाही हे त्यांतही पक्के आहे. विनोबांनी 15 नोव्हेंबर 1982 रोजी पवनारला अन्न, पाणी आणि औषध सोडून देह ठेवला.

याच भूमीत एकच जन्म मानणारे धर्मही नांदतात, आणि त्यांच्यातही गेलेल्यासाठी काय करता येते हा प्रश्न सुटत नाही. ख्रिस्ती श्रद्धेत अखेरीस देहासह पुनरुत्थान आहे. कॅथलिकांच्या मते मधल्या शुद्धिस्थानातल्या आत्म्यांना जिवंतांच्या प्रार्थनांचा आधार होतो. गोव्यात 2 नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्त्या लागतात त्या यासाठी. फादर स्टीफन्स यांनी 1616 साली मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचताना स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द घेतला; शब्दाबरोबर ऐकणाऱ्याच्या मनातले बरेच काही आले असणार. इस्लाममध्ये कबरीपासून कयामतीपर्यंतचा काळ बर्जख आहे. माणूस अल्लाच्या इबादतीसाठी निर्माण झाला आणि या आयुष्याचा जाब आखिरतमध्ये द्यायचा आहे. तिसऱ्या दिवसाची जियारत आणि चाळिसावा करावा की नाही यावर मुसलमानांतच मतभेद आहेत. पारशी मानतात की चौथ्या दिवशी पहाटे आत्मा चिन्वत पुलाशी येतो आणि स्वतःच्याच कर्मांना मूर्त रूपात भेटतो. सत्याच्या बाजूने लढून अखेरीस सगळी सृष्टी नवी करण्यात हातभार लावणे, हे तिथे जगण्याचे प्रयोजन आहे.

विसाव्या शतकात हा प्रश्न प्रयोगशाळेतही गेला. इयान स्टीव्हन्सन यांनी पूर्वजन्म आठवतो असे सांगणाऱ्या मुलांच्या दोन हजारांहून अधिक नोंदी जमवल्या, त्यांत भारतातल्या बऱ्याच होत्या. 1966 सालच्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच ही प्रकरणे पुनर्जन्म सुचवतात एवढाच सावध दावा आहे. टीकाकारांनी कुटुंबांची आधीची श्रद्धा, आठवणींची सरमिसळ आणि दुभाष्यांवरचे अवलंबन दाखवले. नेदरलँड्समध्ये हृदय बंद पडून वाचलेल्या 344 रुग्णांपैकी 62 जणांनी त्या अवस्थेतले अनुभव सांगितल्याचा अभ्यास 2001 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. हे अनुभव परतलेल्यांचे आहेत, म्हणून मरणाच्या उंबरठ्यापलीकडचे त्यांतून सिद्ध होत नाही. पायासीची अडचण अजून तिथेच आहे.

आचार मात्र बदलत आहे. शहरात विद्युतदाहिनी आली, बाराव्या-तेराव्याची कार्ये एका दिवसात उरकू लागली, पितृपक्षात गच्चीवर ठेवलेल्या पानाला शिवायला कावळे कमी झाले. देहदान करणाऱ्या घरात दहन नाही, अस्थी नाहीत, मडके फोडायचा जीवखडा नाही. अशी काही घरे तरीही दहाव्याला पिंड ठेवतात. काही तेवढे पैसे वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी देतात. देह शरीरशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर असतो, आणि घरात तिथीच्या दिवशी एक पान बाजूला वाढून ठेवलेले असते.